हार घालायचा वाटू नये असा फोटो

ऑगस्टमधल्या एका पावसाळी दुपारी ऐरोलीहून एका ताईंचा फोन आला. वडिलांचा फोटो काढून हवा होता. वय ७१, राहायला ठाण्यात किसननगरला, आईला जाऊन वर्ष झालेलं. "घरात लावायला एक चांगला फोटो," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून पुढे, "पण हार घालायचा फोटो वाटता कामा नये. बाबा त्यालाच घाबरून नको म्हणतायत."

माझ्या कामात इतकी स्वच्छ मागणी क्वचित येते. लोक 'नॅचरल', 'क्लासी', 'जरा वेगळं' असं काहीतरी सांगतात. इथे नको असलेला मूड अगदी नेमका माहीत होता, आणि मराठी घरात वाढलेल्या कुणालाही तो डोळ्यांपुढे आणता येईल. हव्या असलेल्या मूडला मात्र नाव नव्हतं. ते सापडेपर्यंत दोन बैठका झाल्या, चार महिने गेले आणि एका निवृत्त मशीनमनकडून मला रंगांचे धडे मिळाले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

काका, म्हणजे ताईंचे वडील, वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात ३४ वर्षं ऑफसेट मशीनवर होते. आधी एकरंगी, मग दोनरंगी, शेवटची बरीच वर्षं चाररंगी. सायन (हिरवट निळा), मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळा आणि काळा या चार शायांतून लग्नपत्रिका, औषधांची खोकी, कॅलेंडरं छापून काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण त्याचा माझ्या कामाशी काय संबंध आहे ते कळायला वेळ लागला.

पहिली बैठक, नौपाडा

ताईंनी आईचा भिंतीवरचा फोटो मला मोबाइलवर पाठवला. एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून तो कापून काढलेला होता. ज्याने केला त्याने मागचं सगळं पुसून निळी छटा भरली होती, चेहरा उजळ केला होता, कपाळावरची चमक घालवली होती. १२ बाय १५ची फ्रेम, वर चंदनाचा हार. काकू फोटोत चक्क हसत होत्या. तरीही बघणाऱ्याच्या मनात पहिला विचार यायचा तो त्या गेल्याचाच.

मी निदान केलं ते असं: उजेड समोरून आणि सपाट, रंग थंड. मग उपाय उघड वाटला. उजेड बाजूने घ्यायचा आणि रंग ऊबदार ठेवायचा.

गणपती झाल्यावर काका माझ्या स्टुडिओत आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी चार फुटी ऑक्टाबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी आठ बाजूंची कापडी पेटी) त्यांच्या एका बाजूला ४५ अंशांवर, डोळ्यांच्या पातळीहून थोडा वर लावला. अशा जागी दिवा ठेवला की पलीकडचा गाल सावलीत जातो आणि त्या सावलीत डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या, रेम्ब्रांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. चेहऱ्याला खोली देण्यासाठी ती फार विश्वासाची. फ्लॅशवर हाफ सीटीओ जेल लावली. ही नारिंगी पारदर्शक पट्टी फ्लॅशचा दिवसासारखा पांढरा उजेड साधारण ३८०० केल्विनपर्यंत खाली आणते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते सांगणारा आकडा) ५५००वरच ठेवला, म्हणजे ती नारिंगी छटा फोटोत तशीच उतरावी. मागे राखाडी पडदा.

(केल्विनच्या आकड्यांशी ज्यांचा रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी: केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आणि हा आकडा आपल्या बोलण्याच्या उलट चालतो. मेणबत्तीची ज्योत साधारण १९००, घरातला पिवळा बल्ब २७००, भर दुपारचं ऊन ५५००च्या आसपास, मोकळ्या आभाळाखालची सावली ७०००च्या पुढे. आकडा वाढत गेला की उजेड निळा होत जातो, आणि आपण मात्र त्याला 'थंड' म्हणतो.)

ताईंना फोटो आवडला. सोनेरी दिसतोय म्हणाल्या. काका प्रिंट घेऊन खिडकीशी गेले, हात लांब करून धरली, जवळ घेतली, तिरकी केली.

"पिवळा चढलाय," ते म्हणाले. "आणि सायन कुठे गेला?"

मी म्हटलं, काका, मुद्दामच ऊबदार केलाय. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी घरी जाऊन लिहून काढलं. माणसाची कातडी छापताना पिवळा आणि मॅजेंटा हे दोन रंग मुख्य; आपल्या वर्णाला पिवळा मॅजेंटापेक्षा किंचित जास्त. सायन सगळ्यांत कमी, मॅजेंटाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पण गालाची वळणं, नाकाची धार, डोळ्याचा खड्डा हे सगळं दाखवतो तो सायनच. "सायनने चेहऱ्याला हाड येतं. जास्त झाला तर माणूस मेलेला दिसतो, आणि अजिबात नसला तर माणूस फुग्यासारखा दिसतो."

मी लॅपटॉप उघडला. लाल चॅनेलचा आलेख कपाळावर आणि गालावर थेट उजव्या, म्हणजे सर्वांत उजळ टोकाला जाऊन चिकटलेला. लाल चॅनेल कॅमेऱ्यातला आणि सायन छपाईतला, ही एकाच गोष्टीची दोन टोकं. लाल पूर्ण भरला की तिथे सायनला जागाच उरत नाही. आपल्या त्वचेत लाल आधीच सर्वांत उजळ असतो. त्यावर मी नारिंगी जेल लावून तो आणखी वर ढकलला होता. बाजूच्या उजेडाने घडवलेला आकार मीच रंगाने पुसला होता.

पण काकांचा दुसरा प्रश्न जास्त खोल गेला. त्यांनी प्रिंटवर बोट ठेवून विचारलं, "हा उजेड आलाय कुठून? बाजूला दिवा लावलाय का? शेकोटी आहे?"

फोटोत काहीच नव्हतं. राखाडी पडदा होता.

कापून बघितलं

त्या रात्री मी एक प्रयोग केला. तोच फोटो सॉफ्टवेअरमध्ये घेतला, काकांना कापून वेगळं केलं आणि मागे निळी छटा भरली. पाच मिनिटांचं काम. समोर हार घालायचा फोटो तयार होता. रेम्ब्रांचा त्रिकोण, सोनेरी गाल, सगळं होतं, आणि तरी तो तोच फोटो होता.

ठाण्यातल्या कुठल्याही नाक्यावर उभं राहून फ्लेक्स बघा. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली, दोन्हींत चेहरा एकाच जातीचा असतो. मागे भगवी-पिवळी किरणं लावली की शुभेच्छा, ढग आणि ज्योत लावली की श्रद्धांजली. चेहऱ्याला काही करावं लागत नाही, कारण त्या चेहऱ्यावरचा उजेड कुठल्याच जागेचा नसतो. ना सकाळ कळते ना संध्याकाळ, ना घर ना अंगण. असा चेहरा उचलून कुठेही चिकटवता येतो. माझा सोनेरी उजेडही तसाच होता, कारण त्याचं कारण फोटोत नव्हतं.

निळा म्हणजे उदास, पिवळा म्हणजे आनंदी, लाल म्हणजे राग, असे तक्ते फोटोग्राफीच्या वर्गांत वाटले जातात. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. पिवळा आपल्याकडे हळदीचा आहे तसा काविळीचाही आहे. डोळा आधी रंगाचं कारण शोधतो. ते सापडलं तर रंग भावना होऊन पोहोचतो, आणि नाही सापडलं तर ती छपाईची चूक वाटते. काकांना ती चूक वाटली, आणि त्यांचं बरोबर होतं.

सावंतवाडीकडच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. चित्रातली स्त्री म्हणजे हळदणकरांची स्वतःची मुलगी. तिच्या एका हातात दिवा आहे, दुसऱ्या तळव्याचा तिने आडोसा केला आहे. बोटांच्या कडांमधून तांबूस उजेड झिरपतो आणि तोच चेहऱ्यावर पडतो. तो चेहरा दिव्यापासून कापून बाजूला काढायचा प्रयत्न मनातल्या मनात करून पाहा. लगेच खोटा पडेल. हनुवटीखालून आलेला तो उजेड दिवा दिसतो म्हणूनच खरा वाटतो, आणि भोवतीचा अंधार आहे म्हणूनच ऊबदार वाटतो.

काकांच्या फोटोसाठी मला हेच हवं होतं: चेहरा आणि जागा अशी एकमेकांत बांधलेली की एक काढलं तर दुसरं पडेल. मग स्टुडिओ सोडावाच लागणार होता.

किसननगर, तिसरा मजला

दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेले, कॅमेरा न काढता. किसननगर ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, इमारती एकमेकींच्या इतक्या जवळ की समोरच्या घरातली कुकरची शिट्टी आपली वाटते. दोन खोल्यांचं घर, वरचा मजला. सगळ्या भिंतींना पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. छताला एलईडी ट्यूब, बाजारात 'कूल डेलाइट' म्हणून मिळते ती, ६५०० केल्विनची.

मी ग्रे कार्ड (उजेडाचा रंग मोजायला वापरतात तो राखाडी पुठ्ठा) घेऊन सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत तिथे बसले. ट्यूबखाली काकांचा एक गाल निळसर आणि भिंतीकडचा गाल स्पष्ट हिरवा. ऑइलपेंटला तकाकी असते, तो आपला रंग जवळच्या प्रत्येक वस्तूवर टाकतो. शर्टाची कॉलरसुद्धा आतून पोपटी दिसत होती. घरात डोळ्यांना हे कळत नाही, कारण मेंदू सवयीने रंग दुरुस्त करून घेतो. कॅमेरा तसं करत नाही.

मी भिंतीकडे बघतेय हे पाहून काका म्हणाले, छापखान्यात रंग तपासायच्या टेबलाभोवती सगळं राखाडी असायचं, वर ५००० केल्विनच्या ट्यूबा. "लालभडक शर्ट घालून कुणी टेबलापाशी उभा राहिला तरी आमचे फोरमन त्याला हाकलायचे. शर्टाचा रंग कागदावर येतो म्हणायचे." आणि मग, जणू ही काही विशेष गोष्ट नाही अशा आवाजात, "तू तीनच्या सुमाराला स्वयंपाकघरात बस. तेव्हा समोरची भिंत पेटते. मी पेपर तिथेच वाचतो, दिवा लावावा लागत नाही."

स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. दुपारी तिथे ऊन येण्याचं कारण नाही. पण समोरची इमारत एक मजला उंच आहे आणि नुकताच तिला हळदी रंग दिलेला. अडीचनंतर ऊन काकांच्या इमारतीवरून जाऊन समोरच्या भिंतीच्या वरच्या भागावर पडतं आणि तिथून परत फिरून या खिडकीत येतं. भिंतीचा रंग घेऊन. दहा फुटांवरचा एवढा मोठा, मऊ, पिवळसर उजेड मला माझ्या कुठल्याही सॉफ्टबॉक्समधून मिळाला नसता. ग्रे कार्डवर ४२०० केल्विन आले. मधल्या दारातून पुढच्या खोलीतली ट्यूब दिसत होती, तिच्याखाली पिस्ता भिंत निळसर हिरवी.

एका चौकटीत दोन उजेड, दोन्हींची कारणं डोळ्यांसमोर. मी काकांना म्हटलं, येत्या रविवारी तीन वाजता.

दुसरी बैठक

बसायची जागा अशी ठरली. काका स्टुलावर, खिडकी त्यांच्या डाव्या हाताला दोन फुटांवर. उजव्या हाताला पिस्ता भिंत. पाठीमागे उघडं दार आणि त्यातून पुढची खोली. मी ओट्याला पाठ लावून, ५० मिलिमीटरची लेन्स. यापेक्षा लांबची लेन्स त्या खोलीत मावली नसती. स्वयंपाकघरातला दिवा बंद. पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदा ओढला आणि ट्यूब मात्र चालू ठेवली.

खिडकीपासूनचं अंतर मी सर्वांत जास्त वेळ घेऊन ठरवलं. खिडकीच्या अगदी जवळ बसलं की उजेड मऊ असतो, पण एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत जाताना झपाट्याने कमी होतो. दूर गेलं की दोन्ही गाल सारखे व्हायला लागतात आणि आपण पुन्हा सपाट फोटोच्या दिशेने निघतो. दोन फुटांवर सावलीचा गाल उजेडाच्या गालापेक्षा जवळजवळ दोन स्टॉप गडद आला, म्हणजे चौथा हिस्सा उजेड. एवढी सावली हवी होती.

व्हाइट बॅलन्स हाताने ४८०० वर लावला. चेहऱ्यावरचा उजेड ४२००चा, म्हणून चेहरा थोडासा ऊबदार येणार. पाठीमागची ट्यूब ६५००ची, म्हणून ती खोली थंड येणार. ऑटोवर ठेवला असता तर कॅमेऱ्याने दोन्हींची सरासरी काढून दोघांचंही चारित्र्य घालवलं असतं. शटर सेकंदाचा १/१००, कारण आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि साध्या एलईडी ट्यूबा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; शटर त्याहून वेगवान घेतलं की पाठीमागे पट्टे येण्याची भीती. अ‍ॅपर्चर २.८, आयएसओ ८००.

हिरव्या गालासाठी मी भिंतीवर काळं कापड लावलं होतं. हिरवा गेला, पण सावली एकदम विहिरीसारखी झाली. पहिल्या वीस-बावीस फ्रेम बघवत नाहीत. काका कोठडीत बसल्यासारखे दिसतात. शिवाय ते कॅमेऱ्याकडे बघत होते, ओळखपत्राच्या फोटोला बघतात तसे. मी "हसा" म्हटलं नाही. हसू तर काकूंच्या भिंतीवरच्या फोटोतही होतं.

मी विचारलं, काका, तुमच्याकडे छापलेलं काही ठेवलंय का? ते उठले, कॉटखालून कार्डबोर्डची एक गुंडाळी काढली. आत निवृत्तीच्या वर्षी छापलेल्या एका कॅलेंडरचं न कापलेलं शीट, कडेला रंगांच्या पट्ट्या, कोपऱ्यांत रजिस्टरच्या, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसवायच्या, खुणा. आणि खिशातून भिंग काढलं. घडीचं, काठ घासून पितळ दिसायला लागलेलं. बाहेर जाताना चष्म्यासारखं तेही ते खिशात घालतात, हे मला तेव्हा कळलं.

शीट मांडीवर पसरलं आणि मी व्ह्यूफाइंडरमधून बघत असताना काकांचा सावलीतला गाल उजळला. मोठा पांढरा कागद खिडकीचा उजेड घेऊन वर टाकत होता. डोळ्यांच्या खोबणी भरल्या, जबड्याची रेघ परत आली. आणि हा भरणारा उजेड खिडकीच्याच रंगाचा होता, कारण कागद पांढरा. माझ्या पिशवीत घडीचा रिफ्लेक्टर होता, तो मी बाहेर काढलाच नाही. रिफ्लेक्टर फोटोत दिसला नसता. कागद दिसत होता, काकांच्या हातात होता.

मग मी काळ्या कापडाचा अर्धा भाग सोडवला. कानामागे आणि मानेवर थोडा हिरवा परतला. तो मी राहू दिला. भिंत फोटोत दिसत होती, त्यामुळे त्या हिरव्याला आता कारण होतं. सप्टेंबरमध्ये मी तो दोष म्हणून पुसला असता.

चष्म्याने थोडा त्रास दिला. डाव्या काचेत खिडकी पूर्ण भरून येत होती, डोळाच दिसेना. काड्या कानांवर अगदी थोड्या उचलल्या की काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब निघून जातं, ते केलं. बुबुळात मात्र खिडकीचा छोटा चौकोन उरला पाहिजे याकडे मी लक्ष ठेवलं. तो गेला तर डोळा विझतो.

काका भिंगातून शीट बघायला लागले आणि मला विसरले. कडेच्या पट्ट्यांवरून भिंग सरकत होतं. खोलीत फक्त शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. समोरच्या भिंतीवरचं ऊन हळूहळू वर चढत होतं. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी ते खिडकीच्या पट्ट्यातून निघून जाणार हे मला आधीच्या भेटीतून माहीत होतं. तीन वीसच्या आसपास काकांनी मान वर केली, भिंग तसंच बोटांत, भुवई एका बाजूने चढलेली.

"रजिस्टर आउट आहे गं," ते म्हणाले. "अर्ध्या ठिपक्याने. तेव्हा दिसलं नव्हतं."

तीच फ्रेम.

ताईंनी ती पाहिली तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाबा कामावर आहेत." हव्या असलेल्या मूडला ऑगस्टपासून मिळालेलं हे पहिलं नाव.

प्रिंट

१२ बाय १८, मॅट कागद. माझ्या टेबलावर, ५००० केल्विनच्या दिव्याखाली, ती प्रिंट मला हवी होती तशी होती. मी ती किसननगरला घेऊन गेले आणि ट्यूबखाली धरली तर चेहऱ्यातला जीव निघून गेला. ऊब नाही, ओठ मातकट.

याचं कारण बहुतेक स्वस्त एलईडी दिव्यांत असतं. पाकिटावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ८० असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीचा. नववा नमुना गडद लाल, तो त्या सरासरीत धरतच नाहीत, आणि नेमका तिथेच हा उजेड कमी पडतो. माणसाच्या त्वचेला सर्वांत जास्त गरज त्या लालाचीच असते. भाजीबाजारात टोमॅटो एका दिव्याखाली रसरशीत आणि दुसऱ्याखाली शिळे दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

काकांना यात नवल वाटलं नाही. प्रेसमध्ये मंजूर झालेलं खोकं दुकानाच्या दिव्याखाली वेगळं दिसतं म्हणून गिऱ्हाईक परत यायचं, हे त्यांनी अनेकदा पाहिलेलं. "कुठे लावणार ते आधी ठरवायचं, मग छापायचं," ते म्हणाले. दोन रस्ते होते. ट्यूबखालीच लावायचा असेल तर त्या ट्यूबसाठी लाल आणि पिवळा थोडा चढवून दुसरी प्रिंट काढायची. किंवा फोटोची जागा बदलायची. मी दुसरी प्रिंट काढून आणली. ट्यूबखाली ती छान दिसत होती, खिडकीत धरली की भगवी. काकांनी दोन्ही शेजारी धरल्या आणि पहिली निवडली. तिच्यासाठी स्वयंपाकघरात, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर खिळा मारला. तिथे ती दिवसभर साधी दिसते आणि तीनच्या सुमाराला तिच्यावर तोच उजेड येतो ज्यात ती काढलेली आहे.

पुढच्या खोलीत काकूंचा फोटो होता, निळ्या छटेचा. खिळ्यावरून हात झटकत काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तिचं मागचं परत आणता येईल का?"

मूळ ग्रुप फोटो ताईंकडे होता. २००० सालाच्या आधीचा, फिल्मवरचा, पोस्टकार्ड आकाराचा. मंडपात काढलेला, मागे लाल-पिवळ्या कापडाच्या झालरी, शेजारी कुणाच्या तरी शालूचा पदर, वर पिवळे बल्ब. काकूंच्या चेहऱ्यावर त्या लाल कापडाची छटा पडलेली होती. कापून काढणाऱ्याने चेहरा उजळ केला तो ती छटा घालवण्यासाठीच, कारण मंडप काढून टाकल्यावर ती रोगट लाली दिसत असणार. मूळ फोटोत मात्र ती लाली मंडपाची होती, लग्नघराची होती, आणि काकू कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होत्या.

मी मूळ फोटो स्कॅन केला, कुणालाही कापलं नाही, फक्त चौकट काकूंकडे सरकवली. शेजारणीचा खांदा आणि अर्धा हात तसाच ठेवला. झालरी ठेवल्या. ओरखडे काढले, चेहऱ्याचा रंग होता तसा राहू दिला. पहिली चाचणी प्रिंट काकांना दाखवायला नेली तेव्हा त्यांनी ती खिडकीशी नेली, भिंग लावलं, बाजूला केलं, हात लांब करून धरली.

"मॅजेंटा दोन टक्के कमी कर," ते म्हणाले. "ती एवढी लाल नव्हती. बाकी मंडप बरोबर आहे."

मॉनिटरवर मला ते दोन टक्के दिसले नाहीत. कमी करून छापलं तेव्हा दिसले.